बांधकामात सुपरवायझर किंवा ठेकेदार व्हायचंय? आधी वही घ्या

सतराव्या वर्षी मी मामाच्या हाताखाली घमेली उचलायला लागलो. सातारच्या बाजूची छोटी छोटी घरं असायची. तीन वर्षांनी थापी हातात आली. मग पुण्यात एका बिल्डरच्या साइटवर पाच वर्षं सुपरवायझरकी केली, आणि आता गावाकडे स्वतःची कामं घेतो. बंगले, दुमजली घरं, कधी एखादं दुकानांचं छोटं कॉम्प्लेक्स. आठवड्याला एक तरी पोरगा फोन करतो, "दादा, ठेका घ्यायचा म्हणतोय, काय काय लागतं?" फोनवर अर्धंच सांगून होतं आणि तो अर्धंच ऐकतो, म्हणून एकदा लिहून काढलं.

हे सगळं घरबांधणीपुरतं आणि महाराष्ट्रापुरतं आहे. रस्ते-पूल हा माझा प्रांत नाही.

१. नेमकं काय व्हायचंय ते आधी ठरवा

'सुपरवायझर' या एका शब्दाखाली दोन वेगळी माणसं असतात, आणि पहिला गोंधळ इथेच होतो.

एक म्हणजे साइट सुपरवायझर. ही नोकरी. बिल्डर किंवा मोठा ठेकेदार पगार देतो. त्याला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही, काम यावं लागतं.

दुसरा परवानाधारक सुपरवायझर. महापालिका किंवा नगरपालिकेत नकाशा दाखल करायला आणि कामावर देखरेखीची जबाबदारी घ्यायला आर्किटेक्ट-इंजिनिअरसारखाच हाही एक वर्ग आहे. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडून राज्यभर २०२० पासून जी एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, त्यात त्याची शैक्षणिक अट आणि मर्यादा दिली आहे. सिव्हिल डिप्लोमा किंवा आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल आणि वर अनुभव, असं साधारण गणित. सही चालते ती लहान प्लॉटवर आणि ठरावीक मजल्यांपर्यंतच. नुसत्या अनुभवावर हा परवाना मिळत नाही. 'सुपरवायझरचं लायसन काढून देतो' म्हणणारा एजंट भेटला तर त्याला आधी नियमावलीतलं पान दाखवायला सांगा.

ठेकेदारांतही पायऱ्या आहेत. फक्त माणसं पुरवणारा मुकादम, लेबर रेटवर काम घेणारा मजूर ठेकेदार, मालासकट काम घेणारा, आणि सरकारी नोंदणी असलेला. बहुतेक जण याच क्रमाने वर चढतात. मधली पायरी गाळून थेट मालासकट उडी मारणारे मी पाहिलेत. त्यातले दोघं आज पुन्हा माझ्याकडे हजेरीवर आहेत.

२. सुपरवायझर म्हणून निदान दोन वर्षं काढा

दहावी झाली असेल तर तीन वर्षांचा सिव्हिल डिप्लोमा सगळ्यात चांगला. तेवढा वेळ नसेल तर आयटीआय, नाहीतर बांधकाम पर्यवेक्षकाचा एक वर्षाचा कोर्स. तेही जमत नसेल तर गवंडीकाम करत करत ड्रॉइंग वाचायला शिका. माझं तसंच झालं. साइटवरच्या ज्युनिअर इंजिनिअरला रोज चहा पाजून मी कॉलम शेड्यूल, म्हणजे कॉलमच्या मापांचा आणि सळयांचा तक्ता, वाचायला शिकलो. त्याला माझ्याकडून लाइन-आउट (प्लॉटवर घराची आखणी) शिकायचं होतं, त्यामुळे हिशेब बरोबरीत सुटला.

खिशात एक शंभरपानी वही ठेवा. फोनमध्ये नोंदी करू नका असं नाही, पण पाऊस, सिमेंटचे हात आणि संपलेली बॅटरी या तिन्हींत वही टिकते. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर अजूनही हे असतं:

- सळईचं मीटरला वजन: मिलिमीटरमधला व्यास गुणिले व्यास, भागिले १६२. उत्तर किलोत. म्हणजे ८ मि.मी. ०.३९५, १० मि.मी. ०.६१७, १२ मि.मी. ०.८८९, १६ मि.मी. १.५८. पूर्ण सळई १२ मीटरची, म्हणून १२ मि.मी.ची एक सळई १०.६७ किलो.
- १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. सिमेंटची गोणी ५० किलोची, मापात साधारण सव्वा घनफूट.
- कव्हर, म्हणजे सळईबाहेरचं काँक्रीटचं आवरण: स्लॅब २० मि.मी., कॉलम ४०, फुटिंग ५०. बीमचं ड्रॉइंगमध्ये असेल ते, सहसा २५.
- काटकोन: ३-४-५. साइटवर ६-८-१० फूट घ्या, चूक लवकर दिसते.

हे पाठ असण्याचा उपयोग काय? माझ्या दुसऱ्याच महिन्यात सळईची गाडी आली. काटा पावतीवर वजन बरोबर, दुकानदाराचा माणूस सहीसाठी घाईत. मी १२ मि.मी.च्या सळया मोजल्या आणि १०.६७ ने गुणलं, तर पावतीपेक्षा नऊ टक्के कमी भरल्या. १२ मि.मी.च्या सळईत पाच टक्के कमीजास्त मानकात बसतं, नऊ बसत नाही. गाडी दुसऱ्या काट्यावर नेली. तेव्हा कळलं, की पहिल्या काट्यावर गाडीत ड्रायव्हर, क्लीनर आणि पाण्याचा भरलेला पिंपसुद्धा होता. त्या दिवसापासून साहेबांनी मला नावाने हाक मारायला सुरुवात केली. तोपर्यंत मी 'ए मिस्त्री' होतो.

मालाचा अंदाजही वहीतच शिका. हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे सुमारे ४१७ घनफूट, ११.८ घनमीटर. एम-२० दर्जाच्या काँक्रीटला १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) धरलं तर घनमीटरला आठ गोणी, म्हणजे नुसत्या स्लॅबला ९५ च्या आसपास गोणी, पावणेदोन ब्रास वाळू किंवा क्रश सँड, साडेतीन ब्रास खडी. बीम वेगळे. स्लॅब अर्ध्यावर असताना सिमेंट संपलं, ही वेळ शत्रूवरही येऊ नये.

३. स्लॅबची आदली संध्याकाळ

सुपरवायझर खरा कळतो तो इथे. स्लॅबच्या दिवशी सकाळी कोणी कोणाचं ऐकत नाही. मालक नारळ फोडण्याच्या गडबडीत, लेबरला नाश्ता हवा, मिक्सरवाला डिझेल मागतो. म्हणून तपासणी आदल्या दिवशी ऊन असतानाच उरका. मी चप्पल काढून सेंट्रिंगच्या (स्लॅबखालच्या साच्याच्या) प्लेटांवरून एक फेरी मारतो. पायाला प्लेट हलते की नाही ते लगेच कळतं. मग खाली जाऊन टेकू पाहतो. टेकूखाली फळी आहे की नुसती माती? रात्री पाऊस पडला, की मातीवरचा टेकू खचतो आणि सकाळी बीमला पोट आलेलं दिसतं.

वर टेप घेऊन सळयांमधलं अंतर एका जागी नाही, चार जागी मोजा. लेबर जिथे उभं राहतं तिथे अंतर बरोबर असतं, कोपऱ्यात सुटतं. बाल्कनीची मुख्य सळई वरच्या बाजूला आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. छज्जा आणि बाल्कनी पडण्याचं एक मोठं कारण हेच: सळई वर बांधलेली असते, पण काँक्रीट टाकताना माणसं तिच्यावर उभी राहून तिला खाली दाबतात. खुर्च्या, म्हणजे वरची सळई उचलून धरणारे सळईचेच आधार, नीट लावा आणि चालायला फळ्या टाका. लाइटचे पाइप, पंख्याचे हूक, बाथरूमचा संकन (खाली घेतलेला) भाग यांवरून एकदा प्लंबर आणि वायरमनला सोबत घेऊन फिरा. नंतर स्लॅब फोडायला लागला तर दोघंही म्हणतात, मला कोणी सांगितलंच नाही.

दिवसभराचं भांडण पाण्यावरून होतं. एम-२० ला एका गोणीमागे ३० लिटरच्या वर पाणी नको. मिक्सरवर बसलेल्या माणसाला काँक्रीट पातळ हवं असतं, कारण ते सहज पसरतं आणि लवकर सुट्टी होते. मी मिक्सरजवळ मापाची बादली ठेवतो आणि पाइप काढून घेतो. शिव्या मिळतात. व्हायब्रेटरची एक जादा सुई मात्र भाड्याने आणून ठेवाच, एक बंद पडतेच.

ताकद तपासायला काँक्रीटचे १५० मि.मी.चे क्यूब (ठोकळे) भरून त्यांवर तारीख कोरा. सात दिवसांचा आणि अठ्ठावीस दिवसांचा रिपोर्ट फाइलला लावा. पुढे कधी 'तुमचं काँक्रीट कच्चं आहे' म्हणून बिल अडवलं, तर हाच कागद तुमच्या बाजूने बोलतो.

सेंट्रिंग खोलण्याची घाई प्लेटांच्या भाड्यापायी होते. भारतीय मानकात (आय.एस. ४५६) साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्यापुढे १४, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ आणि त्यापुढे २१. आजकाल बहुतेक गोण्या पीपीसीच्या (राख मिसळलेल्या सिमेंटच्या) असतात, ते सावकाश घट्ट होतं, म्हणून मी इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय हात लावत नाही. पाणी मारायचं साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला किमान १०. कॉलमला ओलं बारदान गुंडाळा. उन्हाळ्यात 'सकाळी एकदा मारलं होतं' हे उत्तर ऐकून घेऊ नका.

४. पहिलं काम लेबर रेटवर घ्या, आणि माप कशाचं ते आधी लिहा

लेबर रेट म्हणजे माल मालकाचा, माणसं आणि हत्यारं तुमची, पैसे चौरस फुटावर. भांडवल कमी लागतं, म्हणून सुरुवातीला हेच बरं.

माझं पहिलं स्वतःचं काम एका निवृत्त गृहस्थांचा दुमजली बंगला. चौरस फुटाचा दर ठरला, हात मिळवले, पेढे खाल्ले. नऊ महिन्यांनी शेवटच्या बिलाला बसलो तेव्हा त्यांनी मंजूर नकाशा काढला: १,८४० चौरस फूट. मी स्लॅबच्या बाहेरच्या कडेपासून मोजलं होतं, बाल्कनी, छज्जे आणि जिन्यावरची हेडरूम धरून: २,२६०. दोघंही खरं बोलत होतो. काम तर मी सगळ्याचंच केलं होतं. पण दर कोणत्या फुटाला, हे आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं. शेवटी फरक निम्मा-निम्मा वाटून घेतला. माझे २१० फूट गेले, आणि त्याहून जास्त म्हणजे त्या घराच्या वास्तुशांतीला मला बोलावणं आलं नाही.

तेव्हापासून मी कामाआधी एका कागदावर हे लिहून दोघांच्या सह्या घेतो:

- क्षेत्रफळ स्लॅबच्या बाहेरच्या कडेपासून धरायचं की भिंतीपासून.
- बाल्कनी, छज्जा, जिना, हेडरूम पूर्ण, अर्धं की वेगळ्या दराने.
- पाया ठरावीक खोलीपर्यंतच दरात. त्याखाली खोदाई आणि काँक्रीट वेगळं. काळ्या मातीच्या प्लॉटवर हे लिहिलं नाही तर पायातच बुडाल.
- कंपाउंड, पाण्याची टाकी, शोष खड्डा, पॅरापेट, पायऱ्या दरात आहेत की नाहीत.
- सेंट्रिंगचं साहित्य, मिक्सर, लिफ्ट, पाणी आणि वीज कोणाची.
- माल गाडीतून उतरवून वर चढवायचा कोणी.

प्लास्टर वेगळ्या दराने असेल तर दारं-खिडक्या वजा करण्यावरून हमखास जुंपते. मानकातली रीत साधी आहे: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या (साडेपाच चौरस फूट धरा) भोकासाठी काहीच वजा करायचं नाही, अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूचं वजा करायचं आणि गालांचं (भोकाच्या आतल्या कडांचं) वेगळं धरायचं नाही, तीनच्या वर दोन्ही बाजू वजा आणि गालांचं माप वेगळं मिळवायचं. म्हणजे ३ बाय ७ फुटांचं दार, २१ चौरस फूट, एकाच बाजूने वजा होतं. 'मोजमाप आय.एस. १२०० प्रमाणे' एवढी एक ओळ करारात असली की हा वाद चहा संपायच्या आत मिटतो.

५. करार आणि पैशांचे टप्पे

स्टॅम्प पेपरवर करार करा. नात्यातला मालक असेल तर जास्तच करा. 'आपल्यात कशाला कागद' म्हणणारा माणूस वाईट नसतो, त्याला शेवटी आठवत नाही इतकंच.

टप्पे असे पाडा की तुमचं काम मालकाच्या पैशाच्या फार पुढे जाणार नाही. मी सही होताच थोडा बयाणा घेतो, मग जोतं, प्रत्येक स्लॅब, वीटकाम, आतलं प्लास्टर, बाहेरचं प्लास्टर आणि शेवट. शेवटच्या टप्प्यात पाच टक्क्यांहून जास्त अडकवून ठेवू नका. मालकाचे पैसे फरशी, ग्रॅनाइट, दिवे आणि वास्तुशांतीत संपतात, आणि रांगेत तुम्ही सगळ्यात मागे असता. मालकाच्या बाजूनेही बोलतो: सगळे पैसे आधी घेऊन बाहेरचं प्लास्टर अर्धवट टाकून जाणारे ठेकेदार आहेत, म्हणून तो घाबरतो. टप्पे नीट असले की दोघांनाही झोप लागते.

बिल्डरकडे काम घेतलंत तर पद्धत वेगळी. महिन्याला रनिंग बिल, त्यातून पाच टक्के किंवा ठरेल ते रिटेन्शन कापून दोष-दायित्वाच्या (निघालेले दोष दुरुस्त करून द्यायच्या) मुदतीनंतर परत. ही मुदत कधी सुरू होते, तुमचं काम संपल्यावर की संपूर्ण इमारतीला भोगवटा मिळाल्यावर, हे विचाराच. एका ठिकाणी माझं रिटेन्शन दोन वर्षं अडकलं, कारण इमारत पूर्ण व्हायचीच होती.

आणि जादा काम. "मिस्त्री, जाता जाता तेवढा एक ओटा करून टाका." एक ओटा, एक कोनाडा, देवघराची कमान, मागच्या दारी धुण्याचा दगड. प्रत्येक गोष्ट अर्ध्या दिवसाची, आणि मिळून तीन आठवडे. मी आता नाही म्हणत नाही, हसून वही उघडतो आणि त्यांच्यासमोरच तारीख, काम, माणसं लिहून खाली त्यांची आद्याक्षरं घेतो. गंमत अशी, की वही उघडली की निम्मे ओटे आपोआप रद्द होतात.

६. माणसं

काम मिळवणं सोपं, माणसं टिकवणं अवघड. गवंडी, सेंट्रिंगवाले, सळई बांधणारे फिटर, फरशीवाले, प्रत्येकाची टोळी वेगळी आणि मुकादम वेगळा. नाक्यावरून रोजंदारीवर आणलेल्या माणसांवर खोदाई, भराई होते. प्लास्टर त्यांच्यावर सोडू नका.

उचल हा या धंद्यातला सगळ्यात खोल खड्डा. टोळी यायच्या आधी मुकादम उचल मागतो. दिली नाही तर टोळी येत नाही, जास्त दिली तर टोळी पोळ्याला गावी जाते ती दिवाळीनंतरही येत नाही. मी एका टोळीला साधारण दोन आठवड्यांच्या कामाएवढीच देतो, तीही फोन पे किंवा बँकेतून. रोख दिलीच तर वहीत सही. हप्ता दर आठवड्याला बाजाराच्या दिवसाआधी चुकता करा. उशिरा पैसे देणाऱ्या ठेकेदाराचं नाव नाक्यावर एका दिवसात पसरतं.

हजेरी रोज लिहा, खाडा लाल पेनाने. शनिवारी रात्री आठवून लिहिलेल्या हजेरीवर भांडण होणारच.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात माणसांची नोंदणी करून द्या. १८ ते ६० वर्षं वय आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचं काम, ही अट. ९० दिवसांचा दाखला ठेकेदार देऊ शकतो. पोरांच्या शिष्यवृत्तीपासून अपघाती मदतीपर्यंत योजना आहेत, आणि ज्या ठेकेदाराने दाखला दिला त्याच्याकडे माणूस पुन्हा येतो. पण न केलेल्या कामाचा दाखला देऊ नका. दलाल गोड बोलून कोऱ्या दाखल्यांवर सह्या मागतात, चौकशी झाली की सही तुमची असते.

७. कागदपत्रं

सुरुवातीला एवढं पुरतं:

- पॅन आणि आधार.
- करंट खातं. घरखर्च आणि साइट एकाच खात्यात ठेवू नका.
- शॉप अॅक्ट, ज्याला अजून बरेच जण गुमास्ता म्हणतात. कामगार थोडे असतील तर ऑनलाइन सूचना पुरते.
- उद्यम नोंदणी. आधारवर होते आणि फुकट होते. पैसे मागणाऱ्या वेबसाइट सरकारी नाहीत.
- व्यवसाय कराची नोंदणी, वर्षाला २,५०० रुपये. हा विसरला की दंड-व्याजासकट आठवण येते.
- केलेल्या प्रत्येक कामाचा मालक किंवा इंजिनिअरच्या सहीचा दाखला, आणि फोटो.

जीएसटीबद्दल सगळ्यात जास्त फोन येतात. एका कुटुंबाच्या स्वतंत्र नव्या घराचं काम निव्वळ मजुरीवर घेतलं, माल तुमचा नसला, तर त्या मजुरीवर जीएसटी माफ आहे. फक्त अशीच कामं करत असाल तर नोंदणीचं बंधन नाही. पण बिल्डरच्या फ्लॅट स्कीमवर मजुरी घेतली, दुकानं बांधली किंवा मालासकट काम घेतलं, की ते करपात्र, आणि वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते. २० लाख मोजताना माफ असलेली उलाढालही धरतात, इथे बरेच जण चुकतात. दर सांगताना 'जीएसटी वेगळा' हे दोन शब्द विसरलात तर १८ टक्के खिशातून जातात.

बिल्डर किंवा कंपनी पैसे देताना एक टक्का टीडीएस कापते, पॅन दिला नाही तर २० टक्के. कापलेला पैसा बुडालेला नसतो, रिटर्न भरून परत मिळतो किंवा करात वळता होतो. मी पहिली तीन वर्षं रिटर्नच भरला नव्हता, तो पैसा गेला.

कामगार कायद्यांत नुकताच मोठा बदल झालाय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि कंत्राटी कामगारांचा १९७० चा व बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा त्यात सामावले. पन्नास किंवा जास्त कंत्राटी माणसं असतील तर ठेकेदाराचा परवाना लागतो. वीस माणसांवर पीएफ, दहावर ईएसआय (कामगार विमा). बांधकाम खर्चावरचा एक टक्का उपकर सहसा नकाशा मंजूर होतानाच मालक भरतो, पावतीची प्रत मात्र मागून घ्या.

एक इशारा. वायरिंगचं काम स्वतःच्या नावावर घेऊ नका. वीजकामाचा परवाना वेगळा असतो, आणि महावितरणकडे मीटर मागताना परवानाधारक वीज ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. वायरमनला मालकाशी थेट जोडून द्या.

८. अपघात

हा भाग मी लांबवत नाही, पण गाळू नका. माणूस पडला तर पहिलं नाव तुमचं येतं. 'तो मुकादमाचा माणूस होता' हे चालत नाही. पहिल्या कामापासून कामगार नुकसानभरपाई विमा काढा. माणसांच्या संख्येवर आणि मजुरीवर हप्ता ठरतो, आणि एका स्लॅबच्या जेवणाहून तो फार जास्त नसतो. हेल्मेट आणि बेल्ट साइटवर आणून पोत्यात ठेवू नका. बाहेरच्या प्लास्टरला परांचीवर चढणाऱ्याच्या कमरेला बेल्ट दिसला पाहिजे. दीड मीटरपेक्षा खोल चर खोदला तर बाजूंना आधार द्या आणि काढलेली माती काठावर रचू नका. जिन्याची आणि लिफ्टची मोकळी भोकं त्याच दिवशी झाका. आमच्या बाजूच्या साइटवर एक पोरगा अशा भोकातून संध्याकाळी पडला. वाचला, पण पुन्हा घमेलं उचलू शकला नाही.

९. मालासकट आणि सरकारी कामं

मालासकट काम घेताना दरात नासाडी, भाडं आणि भाववाढ धरा. स्टीलचा भाव सहा महिन्यांत कुठे जाईल हे कोणीच सांगू शकत नाही, म्हणून करारात 'अमुक भावापर्यंत स्टील-सिमेंट दरात, त्यावर फरक मालकाचा' अशी ओळ घाला. पहिलं मालासकट काम छोटं घ्या. एखादा वरचा मजला पुरे.

सरकारी कामासाठी सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषदेत वर्गानुसार नोंदणी असते. छोट्या कामांत मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांचा वेगळा वाटा असतो. डिप्लोमा असेल तर ती वाट बघा. निविदा महाटेंडर्स पोर्टलवर भरतात, त्यासाठी वर्ग तीनची डिजिटल सही लागते. बी-१ म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के वर किंवा खाली ते भरायचं, बी-२ म्हणजे प्रत्येक बाबीचा दर भरायचा. नवखे ठेकेदार काम मिळवायला खूप खाली दर भरतात, मग जादा सुरक्षा ठेव भरावी लागते, आणि तीच कमर मोडते. अडीच लाखांवरच्या करारात सरकारी खातं जीएसटीचाही दोन टक्के टीडीएस कापतं. बिल एम.बी.मध्ये (खात्याच्या मोजमाप पुस्तिकेत) मोजमाप चढल्याशिवाय निघत नाही, आणि मोजमाप झाकायच्या आधी घ्यावं लागतं. पाया भरल्यावर 'खाली किती खोल गेलो' ते कोणी खोदून बघत नाही. म्हणून खोदाई पूर्ण झाली की त्याच दिवशी शाखा अभियंत्याला बोलवा, टेप खड्ड्यात धरून फोटो काढा, आणि तारीख वहीत लिहा.

निविदा भरायची तर शेवटच्या दिवशी दुपारी बसू नका. पोर्टल संथ होतं, डिजिटल सहीचा टोकन संगणक ओळखत नाही, आणि सायबरवाला जेवायला गेलेला असतो.